होइटमामाचा खडक

नेड्रा प्रुइट शाळेची बस चालवते. लेनॉक्स फेरी या आमच्या गावातली निम्मी पोरं तिच्या बसमधून ये-जा करून मोठी झाली आणि त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी तिची बोलणी खाल्ली. जाड हाडाची, पन्नाशीला टेकलेली, केस मागे करकचून बांधलेले. बोलते कमी, पण बोलली की समोरच्याला दुसऱ्यांदा ऐकायची गरज पडत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की बस शाळेच्या आवारात आणि नेड्रा पाण्यावर, हा तिचा नेम. एकेकाळी नवरा होता, तो दुसरीकडे संसार थाटायला गेला. तिने फार मनाला लावून घेतलं नाही. "आमच्या घरातले पुरुष जातातच," एवढंच म्हणाली.

ते काही खोटं नव्हतं. ती चौदा वर्षांची असताना तिचा बाप डॉइल प्रुइट एका संध्याकाळी घरात भांडून, पिकअप काढून जो गेला तो गेलाच. छपरं बसवायचा धंदा होता त्याचा. हात चांगला, डोकं गरम. कुणी म्हणालं टेक्सासला गेला, कुणी म्हणालं फ्लोरिडाला. कुणी म्हणालं बाईचं प्रकरण आहे. आमच्या गावाने ती बाईसुद्धा ठरवून टाकली होती, तिच्या केसांचा रंगही गावाला पाठ होता, फक्त तिला पाहिलेलं कुणी नव्हतं. नेड्राची आई ऑलीन हिने शेरीफच्या माणसाला दारातूनच परत पाठवलं. "शोधायचं काही कारण नाही. स्वतःच्या हाताने गाडी चालवत गेलाय," असं ठणकावून सांगितलं आणि नवऱ्याचे कपडे परसातल्या पिंपात घालून जाळले. पोरगी शाळेत 'पळपुट्याची' झाली. दर वाढदिवसाला ती फोनजवळ घोटाळायची. मग एका वर्षी घोटाळायची थांबली, आणि ते कोणतं वर्ष हे तिला स्वतःलाही आठवत नाही.

बापाच्या जागी उभा राहिला तो मामा, होइट किलगोर. ऑलीनचा धाकटा भाऊ, बिनलग्नाचा, गिरणीतला कामगार, आणि पाण्यावर गेला की राजा. त्याने भाचीला गाडी चालवायला शिकवली, शिव्या शिकवल्या आणि पायऱ्या शिकवल्या.

पायऱ्या म्हणजे जुन्या नदीचा काठ. धरण झालं तेव्हा टेनेसी नदी आपल्या काठांसकट पाण्याखाली गेली. वरून बघाल तर सगळं पाणी सपाट, पण खाली काठ तसाच आहे, जिना उतरल्यासारखा. जून आला की बास मासे त्या पायरीवर थव्याने येऊन बसतात. सगळ्या पायऱ्यांवर नव्हे. मैलभर रिकामी आणि मग एका खोलीएवढ्या जागेत शंभर मासे, असा कारभार. गावची मासेमारीची स्पर्धा शनिवारी असते, तिच्या आधीचे दिवस ती खोली शोधण्यात जातात. या दिवसांत आमचे लोक गळाचं टोक पक्कडीने वाकवून टाकतात. मासा चावला हे हाताला कळलं पाहिजे, पण तो अडकता कामा नये. गुरुवारी फसलेला मासा शनिवारी परत फसत नाही. आणि दुसरी बोट दिसली की लगेच गळाची काठी खाली ठेवायची, सँडविच काढायचं आणि भलतीकडेच बघत चघळत बसायचं. आपली जागा कुणाला सांगायची नाही. बायकोला नाही, पाद्र्याला तर नाहीच नाही, कारण तो स्वतः स्पर्धेत असतो.

होइटमामाची अशी एक जागा होती. गावाकडे येणारा रस्ता पाण्यावरच्या लांबलचक भरावावरून येतो, आणि एका ठिकाणी जुनी नदी वळून त्या भरावाला अगदी खेटून जाते. तिथल्या पायरीवर, मामा म्हणायचा, एक खडक आहे. पाण्याची टाकी आणि चर्चचा मनोरा एका रेषेत धरायचा, बोट लांब उभी करायची आणि तिथून फेकायचं. खडकावरून बोट कधी न्यायची नाही. गळ खडकात अडकला तर ओढत बसायचं नाही, दोरी कापून मोकळं व्हायचं. नेड्राने हे नियम कधी तपासून पाहिले नाहीत. तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बास तिने त्याच खडकावर धरला. आमिषांच्या दुकानात त्याचा फोटो लावलाय, त्यात ती मासा छातीशी धरून हसते आहे. नेड्राचे हसतानाचे फोटो फारसे नाहीत.

यंदा मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वय अठ्ठ्याहत्तर. अग्निशमन दलाच्या मदतीसाठी दरवर्षी जोडीजोडीने स्पर्धा होते, तीत ही मामा-भाची कित्येक वर्षं उतरत होती, आणि यंदाची शेवटची, असं त्याने जाहीर केलं होतं. शनिवारी बोटीत बसायला डॉक्टरने कशीबशी परवानगी दिलेली, पण आधीची शोधाशोध एकट्या नेड्राच्या गळ्यात पडली. तिने एका ओळखीच्याकडून जुनं यंत्र घेऊन बोटीवर बसवलं. बोट हळूहळू चालवत राहिलं की दोन्ही अंगांचा तळ पडद्यावर उमटतो, कुणी खाली बत्ती धरल्यासारखा, सावल्यांसकट.

"कशाला तो टीव्ही?" मामा म्हणाला होता. "मासे बघायचेच असतील तर बाजारात जाऊन बघ."

"सगळ्यांकडे आहे मामा. तुझ्याकडेच नाही."

"नसू दे. मला डोळे आहेत."

गुरुवारी सकाळी ती तीन-चार पायऱ्या धुंडाळून भरावाकडे आली. सगळीकडे मासे पांगलेले होते. खडकावर तरी आहेत का बघावं, म्हणून लांबून एकदा फेकलं. आमिष तळाला टेकताच काठीला ठक्कन धक्का बसला, मग दुसरा, मग तिसरा. थवा होता, आणि मोठा होता. तिला हसू फुटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. आता एकदाच वरून जाऊन बघू, मामाला कुठे कळतंय, असं म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा तो नियम मोडला.

पडद्यावर आधी मासे आले, तांदूळ सांडल्यासारखे. मग त्यांच्या मधोमध खडक आला. त्याला चाकं होती.

ती बघतच राहिली. मग मोठ्याने हसली. म्हणजे म्हाताऱ्याचा एवढा जपून ठेवलेला खडक हा कुणाचा तरी बुडवलेला ट्रक होता. विम्यासाठी गाडी पाण्यात ढकलून चोरीला गेली म्हणून सांगणारे आमच्याकडे कमी नाहीत. तिने पडद्याचा फोटो काढला, बोट वळवली आणि थेट मामाच्या घरी गेली. शनिवारपर्यंत त्याची किती थट्टा करायची याचा ती वाटेत हिशोब करत होती.

होइट ओसरीवर पाय लांब करून बसला होता, गुडघ्यावर बर्फाची पिशवी.

"भरलीय का पायरी?" त्याने आल्या आल्या विचारलं.

"भरलीय म्हणजे काय! पण मामा, तुझ्या खडकाला चार टायर आहेत, हे माहितेय का तुला?"

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याने बर्फाची पिशवी गुडघ्यावरून उचलून खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघितलं.

"वरून गेलीस तू," तो म्हणाला. "सांगितलं होतं ना, वरून जायचं नाही म्हणून."

"माहिती होतं तुला?"

"गाडी आहे हे माहिती होतं. पुष्कळ वर्षं झाली. एकदा गळाला वायपर आला होता."

"आणि तू कुणाला बोलला नाहीस?"

"कुणाला बोलू? शेरीफला? तो क्रेन आणणार, गाडी काढणार, सगळा थवा उधळणार. चोरीची कुणाची तरी गाडी असेल, नाहीतर विम्याची. तिच्यापायी काय मी माझी जागा गावाला वाटू?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "बाई गं, तुझा तो फोटो दुकानात लागलाय तो याच गाडीमुळे. विसरू नकोस."

नेड्राला यात फार वावगं वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. आमच्याकडच्या कुणालाच वाटलं नसतं. जागा ती जागा. तिने फोन त्याच्यापुढे धरला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि दाखवू लागली. हे बघ टप, हा मागचा हौदा, ही खिडकी, आणि हे मागे शिडी ठेवायचे दांडे उभे आहेत, त्यांची सावली बघ कशी पडलीय.

आणि तिथे तिचं बोट थांबलं.

सावलीत तीन दांडे होते. दोन सरळ. तिसरा टोकाला बाहेरच्या बाजूला वाकलेला.

ती नऊ-दहा वर्षांची असताना बापाच्या पिकअपच्या दांड्याला लोंबकळून झोके घेत होती, तेव्हा तो वाकला होता. ते दांडे बापाने स्वतः जोडले होते. आता मार बसणार म्हणून ती पडवीखाली लपून बसली. बाप आला, दांड्याकडे बघितलं आणि म्हणाला, राहू दे तसाच, चारचौघांत आपली गाडी पटकन ओळखू येईल.

फोन नेड्राच्या हातून ओसरीच्या फळ्यांवर पडला आणि तो उचलायचं तिला सुचेना. खाली वाकायचं की बसायचं, हेही तिला ठरवता येईना. बाप टेक्सासला नव्हता. फ्लोरिडाला नव्हता. तो भरावाच्या कडेला होता, आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ गावातली पोरं घेऊन त्याच्या शेजारून बस हाकत होती. आणि त्याच्याच टपावरून आमिष ओढून तिने मासे धरले होते, आणि त्यातला एक छातीशी धरून हसली होती.

"मामा," शेवटी ती म्हणाली. "ही आमची गाडी आहे."

होइटने फोन उचलला. चष्मा लावला नाही, नुसताच फोन हातात धरून बसला. त्याच्या हनुवटीखालची कातडी हलत होती.

"तुला माहिती होतं?"

"नाही."

"खरं सांग. तुला माहिती होतं?"

"नव्हतं माहिती, देवाशपथ." त्याने फोन मांडीवर उलटा ठेवला. "पण मी बघितलंही नाही. तो वायपर आला तेव्हा मनात आलं होतं एकदा. डॉइल कधीपासून नाहीसा झालाय, कुठल्या रस्त्याने... आलं होतं मनात. मग म्हटलं, छे. आणि मग कधी त्याच्यावरून बोट नेली नाही. ते यंत्रही घेतलं नाही. माहिती होऊ नये म्हणून जपलं मी, नेड्रा."

तिला त्याच्याकडे बघवेना आणि नजर काढवेना. हा माणूस तिच्या पदवीदानाला एकटाच टाळ्या वाजवत उभा राहिला होता. नवरा गेला तेव्हा हाच माणूस घरातलं गळकं छप्पर नीट करून गेला, एक शब्द न बोलता. दर शुक्रवारी तो ऑलीनकडे जेवायला यायचा आणि येताना मासे आणायचा, आणि आई ते मक्याच्या पिठात घोळवून तळायची. यातले किती त्या पायरीवरचे, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने ओसरीचा कठडा धरला.

"मी शेरीफला फोन करते," ती म्हणाली.

होइटने मान डोलावली. मग खाली बघत, अगदी हळू, तो म्हणाला, "शनिवार परवाच आहे गं. एवढी वर्षं तो तिथेच आहे. दोन दिवसांनी काय फरक पडणार आहे त्याला?"

असं कुणी म्हणू शकतं यावर तिचा विश्वास बसेना. बोलून गेल्यावर बहुधा त्याचाही बसेना, कारण त्याने लगेच तोंडावर हात ठेवला. नेड्राने त्याच्या मांडीवरून आपला फोन उचलला, त्याच्यासमोर उभं राहून शेरीफला लावला आणि जागा सांगितली. पाण्याची टाकी आणि चर्चचा मनोरा एका रेषेत धरा, म्हणाली.

शुक्रवारी पाणबुडे उतरले. शनिवारी सकाळी क्रेन आली. आमचं अग्निशमन दल म्हणजे गावातलीच माणसं. स्पर्धा भरवणारे तेच आणि बुडालेलं वर काढणारे तेच. त्यांनी स्पर्धा दुपारपर्यंत पुढे ढकलली. साठ-सत्तर बोटी धक्क्याच्या उताराजवळ इंजिन बंद करून तरंगत उभ्या राहिल्या. पिकअप पाण्याबाहेर आली तेव्हा तिच्या सगळ्या भोकांतून पाणी गळत होतं, आणि काचा वर होत्या. सगळ्या बोटींवरच्या टोप्या उतरल्या. ज्यांच्या आयांनी त्या बाईच्या केसांचा रंग सांगितला होता, तेही त्यांत होते.

शेरीफचा माणूस टेरेल नेड्राच्या बसमधून शाळेत जाऊन मोठा झालेला. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, आत आहेत ते. पट्टा लावलेला आहे." मग त्याने भरावाकडे हात केला. "गाडी धरणाच्या अंगाला पडलीय, आणि तोंड गावाकडे. बाहेर जाताना माणूस पलीकडच्या लेनमध्ये असतो. या बाजूला पडायचं तर तो घरी येत असला पाहिजे. तेव्हा इथे कठडाही नव्हता."

"घरी?" नेड्राने विचारलं. तिला हा साधा शब्द कळायला वेळ लागला.

"घरी."

दुपारी स्पर्धा झाली. संध्याकाळी वजनं झाली तेव्हा नेड्रा तिथे नव्हती, पण गावात गोष्ट कळायला कितीसा वेळ लागतो. जिंकलेली जोडी बाहेरगावची होती. त्यांनी सगळे मासे भरावाजवळच्या त्या पायरीवर धरले होते. गाडी काढली, पाणी गढूळ झालं, क्रेनने सकाळभर धिंगाणा घातला, तरी मासे तिथेच होते. होइट किलगोरने ज्यांच्यासाठी इतकी वर्षं तोंड शिवून घेतलं, ते मासे गाडीपायी येत नव्हतेच. पायरीच चांगली होती. नेड्राने हे ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिली, पुढ्यातला चहा पार पाणी झाला तरी.

आईला सांगायचं काम तिने शुक्रवारीच केलं होतं. ऑलीन ऐंशीच्या घरातली, ताठ, कानांनी तिखट. सगळं ऐकून घेतल्यावर तिने उठून वाळत घातलेले कपडे आत आणले आणि घड्या घालत बसली. होइटबद्दल विचारलं नाही. होइटही आला नाही. त्याच्या ओसरीवरचा दिवा लागायचा आणि विझायचा, एवढंच लांबून दिसे.

रविवारी चर्चहून येताना भरावावर मध्येच ऑलीन म्हणाली, "थांबव."

"इथे थांबता येत नाही, आई."

"थांबव म्हणते ना."

नेड्राने गाडी कडेला घेतली. मागून दोन मोटारी भोंगे वाजवत गेल्या. ऑलीन काठी टेकत उतरली आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. पाणबुड्यांनी खूण म्हणून टाकलेला नारिंगी डबा अजून पाण्यावर डुलत होता. रस्त्यापासून तो एवढ्या जवळ होता की एखाद्या पोराने खडा मारला असता तर लागला असता.

"एवढंच?" ऑलीन म्हणाली.

"एवढंच."

"दर रविवारी इथून जाते मी. या बाजूला कधी मान वळवली नाही. या रस्त्याने गेला म्हणून रागाने समोरच बघायची." तिने कठडा दोन्ही हातांनी धरला. "तो टेरेल म्हणतो, तोंड घराकडे होतं."

"हो."

"म्हणजे येत होता."

"येत होता, आई."

ऑलीनचं तोंड उघडं राहिलं. म्हातारी एवढी वर्षं नवऱ्याला शिव्या घालत जगली होती; ती शिवी आता तिच्या तोंडात येत होती आणि बाहेर कुठे टाकावी हे तिला समजत नव्हतं. वारा तिचा रविवारचा झगा पायांभोवती गुंडाळत होता.

"मी कडी लावून घेतली होती आतून," ती म्हणाली. "गाडीचा आवाज गल्लीतून गेला आणि मी लगेच कडी लावली. रात्रभर जागी होते, आवाज आला तरी उघडायचं नाही म्हणून."

नेड्राला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारू नये हेही कळत होतं. तिने विचारला.

"आला असता, तर उघडली असतीस?"

ऑलीनने त्या डब्याकडे बघितलं. खोटं बोलणाऱ्यांतली ती बाई नव्हती.

"सकाळी," ती म्हणाली.